पंपाच्या पोटातली वाळू

तीन संध्याकाळी मी एका कास्टिंगच्या, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतून केलेल्या वस्तूच्या, पोटातली वाळू कोरत बसलो होतो. आधी स्क्रूड्रायव्हरने, मग टोक वाकवलेल्या सळईने, मग छिन्नीने. कास्टिंग ॲल्युमिनियमचं, एका छोट्या सेंट्रिफ्यूगल पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच. आत शंखासारखा वळत वळत रुंद होत जाणारा पाण्याचा मार्ग. बाहेरून ते इतकं सुबक उतरलं होतं की पहिल्या संध्याकाळी बराच वेळ मी ते नुसतं हातात फिरवत होतो. आतला कोअर, म्हणजे पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा ठोकळा, मात्र दगड. सळई घासली की चिमूटभर वाळू पडायची, तीही कुरकुरत. तिसऱ्या दिवशी छिन्नीचा एक ठोका जरा जास्त बसला आणि शंखाचा शेवट जिथे सुरुवातीला येऊन टेकतो त्या पातळ जिभेला तडा गेला. केसिंग गेलं परत वितळवायच्या ढिगात.

गंमत म्हणजे तो कोअर तयार झाला तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. हातातून निसटून फरशीवर पडला, तरी फुटला नव्हता.

घरी ओतकाम करणारे बहुतेक जण ग्रीन सँडपासून सुरुवात करतात, तशी मीही केली. वाळू, ८-१० टक्के बेंटोनाइट माती आणि ३ टक्क्यांच्या आसपास पाणी. मुठीत आवळली की गोळा व्हावा आणि गोळा मोडला की कड स्वच्छ तुटावी, एवढी परीक्षा पुरते. बाहेरच्या साच्याला आजही मी तीच वापरतो, तिच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पण कोअरचा जन्मच वेगळा. साच्याला एका बाजूने रस, म्हणजे वितळलेला धातू, लागतो आणि मागून चौकटीचा आधार असतो. कोअर चारी बाजूंनी रसात बुडतो. रस त्याला वर उचलायला बघतो, त्याच्या पोटातला गॅस फक्त प्रिंटच्या, म्हणजे कोअर साच्यात जिथे टेकतो त्या, टोकांतून बाहेर पडू शकतो आणि शेवटी धातू थंड होताना आकसतो तो त्यालाच आवळत. ओल्या मातीच्या वाळूचं हे काम नव्हे. म्हणून बाइंडरच्या, म्हणजे वाळूचे कण बांधणाऱ्या पदार्थाच्या, शोधात निघालो आणि सगळ्यांत सोपा वाटला तो धरला: सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइड.

सिलिकेट म्हणजे दाट, चिकट, पाण्यासारखा पारदर्शक द्रव. वाळूत कालवायचं, कोअर बॉक्समध्ये, म्हणजे कोअरच्या साच्यात, ठोकायचं, सळईने दोन-चार भोकं पाडायची आणि सिलिंडरमधून गॅस सोडायचा. काही सेकंदांत कोअर घट्ट. पहिल्यांदा बघताना जादूच वाटते. भट्टी नको, थांबणं नको. गॅस सिलिकेटमधल्या सोड्याला धरतो, सोडियम कार्बोनेट होतं आणि मोकळी झालेली सिलिका जेलच्या रूपात कणाला कण बांधते, एवढंच ते.

वाळूच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के सिलिकेट घ्यावं, असं मला माहीत होतं. ४ टक्क्यांनी ५ किलोला २०० ग्रॅम. मी ३०० घातलं. जरा जास्तच बरं, या हिशेबाने. गॅसही तसाच, जरा जास्तच बरा. काही सेकंद पुरले असते तिथे मी दोन मिनिटं नळी धरून उभा. त्या वेळी शेडचं दार बंद होतं हे आठवलं की आजही स्वतःचा राग येतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि रंग नाही, वास नाही. आता दार सताड उघडं ठेवल्याशिवाय मी सिलिंडरला हात लावत नाही.

जास्त गॅसचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला. कोअरच्या अंगावर पांढरी लव आली होती, ओलसर भिंतीला लोणा फुटावा तशी. बोट फिरवलं की कडेची वाळू हाताला येत होती, आतून मात्र दगड. गॅस गरजेपेक्षा जास्त झाला की कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि वरचा थर भुसभुशीत पडतो. म्हणजे जिथे रस लागणार तिथे कच्चा आणि जिथून नंतर वाळू काढायची तिथे पक्का. याहून उफराटी वस्तू ठरवून करता आली नसती.

दुसरा धडा कोअर बॉक्सने दिला. लाकडी बॉक्सला मी मेहनतीने लाखेचं पॉलिश केलं होतं. सिलिकेट अल्कलीयुक्त असतं आणि लाख अल्कलीत विरघळते. हे मला शाळेत कोणी सांगितलं असेल तर मी त्या दिवशी गैरहजर असणार. पॉलिश आणि वाळू यांचं असं काही लग्न लागलं की कोअर काढताना बॉक्सचा एक कोपराच उचकटला. ऑइल पेंटचीही तीच गत होते, अल्कली त्याचा साबण करते. आता बॉक्सला आतून इपॉक्सी रंग आणि त्यावर मेण.

तर तडा गेल्यावर मी एका ओळखीच्या काकांना फोन लावला. त्यांची हयात कोअर शॉपमध्ये गेली, आता निवृत्त आहेत.

"काका, कोअर निघत नाहीये."

"घट्ट झालाय?"

"दगड झालाय नुसता."

"मग चांगला केलायस की. चांगला केलास म्हणून तर निघत नाही."

मी गप्प. मग त्यांनी विचारलं, "सिलिकेट किती घातलंस?" सांगितल्यावर नुसते हसले. "अरे, कोअर रस गोठेपर्यंत उभा राहिला पाहिजे. त्याच्यापुढे एक मिनिट नको. तू किती वर्षं उभा राहील असा केलायस?"

त्या फोननंतर प्रश्नच बदलला. तोवर मी विचारत होतो की कोणता बाइंडर जास्त घट्ट बसतो. विचारायचं होतं की कोणता वेळेवर सुटतो.

सिलिकेट का सुटत नाही, हे समजलं तेव्हा चूक नीट दिसली. ते सेंद्रिय नाही, जळून जात नाही. २०० अंशांच्या आसपास तापलं तर उरलंसुरलं पाणी जातं आणि ते आणखी घट्ट होतं. त्याच्या वर काही अंतर ते कमजोर पडत जातं, पण ८०० अंशांपुढे गेलं की सोडा आणि वाळू मिळून काचेसारखं वितळतं आणि थंड झाल्यावर पुन्हा कडक. लोखंड ओतणाऱ्यांचा त्रास तो. मी ७२० अंशांना ॲल्युमिनियम ओतत होतो, त्यामुळे काच होण्याइतकी उष्णता नव्हतीच, पण ६ टक्क्यांचा माल सैल पडण्याइतकीही नव्हती. वाळूत १-२ टक्के साखर कालवली तर ती जळते, मागे पोकळी राहते आणि कोअर सोपा सुटतो. उपाय खरा आहे, मी केलाही. पण साखरेचा कोअर हवेतला ओलावा पटकन ओढतो. दोन दिवस पडून राहिला तर हाताला चिकट लागायला लागतो.

मग मी पट्ट्या पाडायला घेतल्या. कंटाळवाणं काम, पण या सगळ्या प्रकारात मी केलेली एकमेव शहाणी गोष्ट. एक इंच चौरस जाडीची, सहा इंच लांब अशी वाळूची पट्टी. ती दोन विटांवर आडवी ठेवायची, मधोमध तारेचा हूक, हुकाला बादली आणि बादलीत तांब्याने पाणी ओतत राहायचं. पट्टी मोडली की पाणी मोजायचं. प्रत्येक मिश्रणाच्या चार पट्ट्या. दोन तशाच मोडायच्या आणि दोन ओतकाम संपल्यावर भट्टीच्या उरलेल्या धगीत, थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, ४५० अंश दाखवेपर्यंत ठेवून, थंड करून मोडायच्या. पहिला आकडा पुरेसा हवा, दुसरा शून्याच्या जितका जवळ तितका बरा. ६ टक्के सिलिकेटच्या पट्टीने पहिल्या फेरीत बादली काठोकाठ भरून घेतली आणि धगीतून आल्यावरही हातोडी मागितली. ४ टक्केवाली हाताने मोडली, पण तिचाही चुरा होईना, तुकडेच पडले.

गॅसऐवजी एस्टर, म्हणजे सिलिकेट घट्ट करणारा एक द्रव, वापरायचं, हा पुढचा टप्पा. सिलिंडर नको, गॅस कुठे कमी कुठे जास्त ही भानगड नको, सगळा साचा एकसारखा बसतो. शिवाय सिलिकेट कमी लागतं, ३ टक्क्यांवर भागतं. आधी वाळूत एस्टर कालवायचं, नीट फिरलं की सिलिकेट. एस्टरचं माप सिलिकेटच्या वजनाच्या १० ते १२ टक्के. ५ किलो वाळू, १५० ग्रॅम सिलिकेट, १५ ग्रॅम एस्टर. एक ग्रॅमचा फरक दाखवणारा वजनकाटा इथून पुढे सक्तीचा.

पहिल्यांदा ट्रायॲसिटिन नावाचं एस्टर वापरलं. थंडीचे दिवस होते. रात्री ठोकलेला साचा सकाळी बघतो तर अंगठा रुततोय. पुढच्या वेळी मी एस्टर दुप्पट केलं. तरी सकाळी तेच, उलट पृष्ठभाग तेलकट. इथे मला एक गोष्ट उमगली आणि बाइंडर निवडण्याच्या सगळ्या घोळातली हीच कळीची निघाली. एस्टरला सगळे सर्रास कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः खर्ची न पडता वेग वाढवणारा पदार्थ, म्हणतात, पण ते कॅटॅलिस्ट नाहीच. अल्कलीत ते फुटतं, त्यातून ॲसिटिक आम्ल निघतं आणि ते सिलिकेटमधल्या सोड्याशी भिडून त्यातच खर्ची पडतं. ते हार्डनर आहे, ठरलेल्या हिशेबाचा भागीदार. कमी घातलं तर काही सिलिकेट कच्चं राहतं, जास्त घातलं तर जास्तीचं तसंच पडून राहतं. वेग वाढवायचा तर एस्टरचं माप वाढवायचं नाही, एस्टर बदलायचं. डायॲसिटिन चपळ, ट्रायॲसिटिन संथ, दोन्ही मिसळून हवा तो मधला वेग मिळतो. थंडीत डायॲसिटिनकडे झुकायचं, उन्हाळ्यात ट्रायॲसिटिनकडे. माप तेवढंच.

आणि सिलिकेटच्या डब्यावर नुसतं नाव बघून घेऊ नये. सिलिका आणि सोडा यांचं प्रमाण विचारावं. ओतकामाला साधारण २ ते अडीचच्या आसपासचं लागतं. पुठ्ठा चिकटवायला वापरतात त्यात हे प्रमाण ३ च्या वर असतं. तेही बसतं, झटकन बसतं, पण पट्टी अर्ध्या बादलीलाही टिकत नाही. मी एक अख्खा कॅन असा घेऊन ठेवला होता. आता तो भट्टीच्या विटांच्या फटी लिंपायला उपयोगी पडतोय.

एस्टरने बाहेरच्या मोठ्या साच्यांचा प्रश्न सुटला. कोअरचा नाही. दुसरा आकडा खाली आला होता, पण शंखाच्या वळणातून वाळू आपणहून यावी इतका नाही.

म्हणून फ्युरान. हे रेझिन फर्फ्युरिल अल्कोहोलपासून होतं आणि त्याचा कच्चा माल मक्याची कणसं, उसाचं चिपाड असला शेतातला टाकाऊ माल. ऐकायला फार निरागस वाटतं. प्रत्यक्षात ती वाफ नाकात गेली की डोकं धरतं आणि हातमोजे, गॉगल, मोकळी हवा यांतलं काहीही वगळण्यासारखं नाही. माप फार कमी, वाळूच्या एक ते दीड टक्का. ५ किलोला ६० ग्रॅम. त्यावर आम्ल, बहुतेक वेळा टोल्युइन सल्फॉनिक आम्ल, रेझिनच्या ३०-४० टक्के. आणि इथलं आम्ल मात्र खराखुरा कॅटॅलिस्ट. ते खर्ची पडत नाही, त्याचं माप वाढवलं की वेग वाढतो, घटवलं की कमी होतो. एस्टरची अक्कल इथे चालत नाही आणि इथली तिथे.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून ठेवली आहे: रेझिन आणि आम्ल एकमेकांवर थेट ओतायचे नाहीत. आधी आम्ल वाळूत पूर्ण मुरवायचं, मग रेझिन घालायचं. मधे वाळू नसेल तर ते मिश्रण क्षणात उकळून अंगावर येतं. एकाच मापाच्या कपात आधी एक, नंतर दुसरं असंही करायचं नाही. दोन कप, दोन रंगांचे.

पहिली फ्युरान पट्टी बसलीच नाही. तासभर, दोन तास, रात्रभर. आम्ल वाढवलं तर थोडी बसली, पण हाताने कुस्करली जायची. काकांना फोन केला. त्यांनी विचारलं, "वाळू कुठली?" मी म्हटलं, स्वच्छ धुतलेली, चाळलेली. "धुण्याचं नाही विचारलं. एक थेंब आम्ल टाकून बघ."

चमचाभर वाळू काचेच्या बशीत घेतली, वर आम्लाचा थेंब सोडला आणि कान जवळ नेला. बारीक चर्र आवाज. भिंगातून बघितलं तर कणाकणांच्या मधे फेसाचे ठिपके उठत होते. वाळूत शिंपल्यांचा चुरा होता. चुनाच तो. मी घालत होतो त्या आम्लाचा मोठा वाटा चुना खात होता आणि रेझिनला उपाशी ठेवत होता. हीच वाळू सिलिकेटला चालली होती, म्हणून मला तिचा कधी संशय आला नाही. फ्युरानला शुद्ध सिलिका वाळूच लागते. ऑलिव्हिन नावाची वाळूही चालत नाही, तीही आम्ल खाते. तेव्हापासून वाळूचं कुठलंही नवं पोतं आलं की आधी थेंब. दुसरी परीक्षा बाटलीची: वाळू, पाणी, जोरात हलवायचं आणि पाच मिनिटांनी पाणी किती गढूळ राहतं ते बघायचं. मातकट धूळ जास्त असेल तर बाइंडर कणांना न लागता धुळीलाच लागतो. बारीक वाळूचंही तसंच. कण जितका बारीक तितकं लेपायचं क्षेत्रफळ जास्त, बाइंडरही जास्त आणि मग गॅसही जास्त. चकचकीत कास्टिंगच्या मोहाने मी एकदा फार बारीक वाळू घेतली होती. ती आता नुसती पार्टिंगला, म्हणजे साच्याचे दोन भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे भुरभुरायला, वापरतो. कोरडी वाळू चाळताना मास्क घालायचाच. सिलिकाची जी धूळ डोळ्यांना दिसत नाही तीच फुप्फुसात जाऊन बसते.

चांगली वाळू आणली, ओली होती म्हणून पत्र्यावर तापवून वाळवली. फ्युरानला पाणी आवडत नाही. बसताना ते स्वतःच पाणी सोडतं, त्यात वाळूच ओली असेल तर रखडतं. इथवर बरोबर. पण घाई होती. वाळू हाताला कोमट लागत असतानाच मी आम्ल घातलं, रेझिन घातलं, ड्रिलला पॅडल लावून फिरवायला सुरुवात केली. रंग हिरवट झाला, मग गडद होऊ लागला, मग ड्रिलचा आवाज खाली आला. मी बघतोय तोवर पॅडल थांबलं. बादलीतली ५ किलो वाळू पॅडलसकट एकसंध. ड्रिल उचललं तर बादली वर आली. तापमान १० अंश वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, ही गोष्ट तेव्हापासून विसरलो नाही. माझी वाळू ४५ ची असेल. आता वाळूत थर्मामीटर खुपसतो, २५ ते ३० असेल तरच पुढे.

अर्धवट बसायला लागलेली वाळू फोडून पुन्हा ठोकण्याचा मोहही टाळायचा. मी एकदा ढेकळं हाताने चुरून बॉक्स पुरा केला होता. दिसायला ठीक, पण धरून जोडलेले बंध एकदा तुटले की पुन्हा जुळत नाहीत. त्या कोअरच्या कडा रस लागताच सुटल्या आणि कास्टिंगच्या अंगात वाळू शिरली. वर्क टाइम, म्हणजे वाळू ठोकता येण्याचा वेळ, संपला की उरलेली वाळू टाकून द्यायची, मन घट्ट करून.

फ्युरानचा दुसरा आकडा मात्र मनासारखा होता. धगीतून आलेली पट्टी अंगठ्याने कुस्करली गेली. साच्यांसाठी ते मला आवडलं. पण ओतताना निघणारा धूर! सल्फॉनिक आम्लामुळे त्यात सल्फर डायऑक्साइड असतो, बाकीही बरंच काही. उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून ओतलं तरी घसा दिवसभर खवखवला.

फिनॉलिक युरेथेनचा विचार केला आणि सोडून दिला. कागदावर ते सगळ्यांत देखणं आहे. रेझिन, आयसोसायनेट आणि द्रव अमाइन असे तीन भाग. अमाइन खरा कॅटॅलिस्ट, त्याच्या थेंबांवर वेळ ठरते. बराच वेळ वाळू मऊ राहते आणि मग एकदम बसते. म्हणजे ठोकायला निवांत वेळ आणि काढायला लगेच तयार. ज्यांना रोज साचे करायचे त्यांच्यासाठी वरदानच. पण आयसोसायनेटची शरीराला एकदा ॲलर्जी बसली की पुढे अत्यल्प वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो आणि ती सहसा जन्माची सोबत. महिन्यातून एखादा पंप ओतण्यासाठी घराशेजारच्या शेडमध्ये ते आणणं मला पटलं नाही. कोणी आणत असेल तर त्याच्याकडे नीट वायुवीजन असो, एवढंच म्हणेन.

शेवटी काका म्हणाले ते केलं. खरं तर त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, मी म्हातारपणाची आठवण म्हणून सोडून दिलं होतं. "ॲल्युमिनियमला कोअर? जवसाचं तेल. आणि ओव्हन."

हा जुना प्रकार. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, रंगातलं तेल वाळतं तसंच. उष्णता दिली की ते तासांत होतं. वाळू २ किलो, तेल ३० ग्रॅम, मक्याचा स्टार्च २० ग्रॅम, पाणी ५० ग्रॅम. स्टार्च आणि पाणी भाजण्याआधी कोअरला उभं ठेवण्यापुरते, नाहीतर नुसत्या तेलाची वाळू बॉक्समधून निघताच बसकण मारते. बॉक्समधून काढलेला कच्चा कोअर इतका नाजूक असतो की श्वास रोखून ठेवावा लागतो. शंखाचा कोअर मी मधोमध चिरून दोन अर्धुकं केली, म्हणजे प्रत्येकाला सपाट बूड मिळालं आणि ते सरळ पत्र्यावर बसलं. ओव्हन जुना, कायमचा शेडमध्ये आलेला. २२० अंश.

यात कॅटॅलिस्ट कुठे? तेलातच. उकळलेलं म्हणून मिळतं त्या तेलात कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंचे ड्रायर असतात, ते ऑक्सिजन घेण्याचा वेग वाढवतात. पण ऑक्सिजन मिळालाच नाही तर ड्रायर काय करणार? ते मला पहिल्या ओतकामात कळलं. कोअर बाहेरून छान तपकिरी होता. रस ओतला, स्प्रू, म्हणजे रस आत जायची वाट, भरला, मी मूस खाली ठेवली आणि रायझरमध्ये, म्हणजे जादा रस वर येऊन उभा राहतो त्या भोकात, बुडबुडे सुरू झाले. एक, दोन, मग सलग. रस गोठेपर्यंत थांबेनात. कास्टिंग कापलं तेव्हा वरच्या बाजूला करंगळी जाईल एवढं ब्लोहोल, म्हणजे गॅसने केलेली पोकळी. सोबत केलेला दुसरा कोअर फोडून बघितला. बाहेर अर्धा इंच तपकिरी, आत फिकट पिवळा आणि चिकट. बंद दाराच्या ओव्हनमध्ये सपाट पत्र्यावर ठेवलेल्या कोअरच्या पोटापर्यंत हवा गेलीच नव्हती. आतलं कच्चं तेल रसात जाऊन गॅस झालं.

पुढच्या वेळी पत्र्याला भोकं पाडली, दार बोटभर उघडं ठेवलं, इंचभर जाडीला तासभर हा हिशेब धरला. पिवळा म्हणजे कच्चा, काळा म्हणजे जळका. खारकेसारखा तपकिरी झाला की काढायचा. चिकटवण्याआधी दोन्ही अर्धुकांच्या सपाट तोंडांवर खिळ्याने एक खाच कोरत नेली, शंखाच्या टोकापासून थेट प्रिंटच्या बाहेरपर्यंत. दोन्ही जोडल्या की आत गॅसला जायची वाट तयार. डेक्स्ट्रिनच्या खळीने चिकटवलं आणि खळीचं पाणी जावं म्हणून पुन्हा थोडा वेळ ओव्हनमध्ये. तेलाने माखलेल्या चिंध्या पाण्याच्या डब्यात टाकल्या. जवसाच्या तेलाचा बोळा नुसता पडून राहिला तरी आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो. जी गोष्ट कोअर घट्ट करते, तीच.

बादलीच्या परीक्षेत तेलाच्या पट्टीने सिलिकेटच्या निम्म्यानेही पाणी घेतलं नव्हतं. महिन्यापूर्वीचा मी तिला हसलो असतो. धगीतून काढली तेव्हा चिमट्यात धरलेला भाग चिमट्यात राहिला, बाकीची विटेवर सांडली.

ओतलं त्या दिवशी रायझर शांत होता. प्रिंटच्या टोकाशी, खाच बाहेर येते तिथे, बोटभर निळसर ज्योत उठली, थोडा वेळ फुरफुरली आणि विझली. गॅस त्याच्या वाटेने गेला. जळक्या तेलाचा वास तेवढा शेडभर.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. केसिंग उलटं करून लाकडी मोगरीने दोनदा ठोकलं. आधी काहीच झालं नाही. तिसऱ्या ठोक्याला आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि तोंडातून करडी वाळू वाहायला लागली, घड्याळातल्यासारखी, एका धारेत. केसिंग शंखाच्या वळणाच्या दिशेने गोल फिरवत गेलो तशी उरलेली आली. जीभ शाबूत.

कोअर साच्यात ठेवण्याआधी मी त्याचं वजन केलं होतं, ४१० ग्रॅम. पडलेली वाळू गोळा करून काट्यावर ठेवली तर ४०२. आठ ग्रॅम आत कुठेतरी अडकलेत म्हणून टॉर्च लावून बघितलं, वाकडी सळई घालून वळणाचा कोपरा न् कोपरा चाचपला, फुंकर मारली. काही नाही, नुसता गुळगुळीत धातू. सळई तिथेच टाकून मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "आठ ग्रॅम? अरे, तेल आणि स्टार्च होतं ते. कालच गेलं वर."